नेरिस प्रोसरचं वजन

खाणींच्या खोऱ्यातल्या ट्रेलास गावच्या बायका मंगळवारी दिवसभर उपाशी असत. उपास देवाचा नव्हे, काट्याचा. संध्याकाळी चॅपेलमागच्या खोलीत आयर्वेन प्रोसर वजनकाटा मांडून बसे, आणि त्याआधी चहाचा घोटसुद्धा घशाखाली उतरू द्यायची कुणाची तयारी नसे. काट्यावर चढण्याआधी बूट निघत, स्वेटर निघत, कानातली निघत. ग्वेंडा पॅरी तर कवळी काढून रुमालात गुंडाळून ठेवायची. "पाव पौंड तरी हिचाच असेल गं," असं ती बोळक्या तोंडाने म्हणायची आणि रांगेतल्या बायका हसून बेजार व्हायच्या. वजनं झाली की सगळ्याजणी रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरत आणि व्हिनेगर मारलेले गरमागरम चिप्स कागदातूनच खात घरी जात. पुढचा मंगळवार लांब असे.

आयर्वेन या वजन उतरवायच्या क्लबची कर्तीधर्ती. स्वभावाने मऊ, पण काट्याच्या बाबतीत खमकी. कुणाचं वजन उतरलं की ती पहिली टाळी वाजवायची आणि मग सगळी खोली टाळ्या वाजवायची. वाढलं तर ती कुणाला घालूनपाडून बोलायची नाही. "असू दे. पुढचा मंगळवार आपलाच," एवढंच म्हणायची आणि त्या बाईच्या पाठीवरून हात फिरवायची. तो हात पाठीवर फिरला की बाईला रडू यायचं. शिव्या परवडल्या, असं पुष्कळजणींचं मत होतं.

तिला हा नाद उगाच लागला नव्हता. तिची आई ऐन पन्नाशीत हृदय बंद पडून गेली, तेव्हा इतकी अवजड झाली होती की शवपेटी जिन्यातून उतरेना. खाणकामगारांची ती घरं, जिने म्हणजे शिड्याच. शेवटी माडीची खिडकी चौकटीसकट काढून दोरखंडांनी पेटी रस्त्यावर उतरवली. सगळी गल्ली बघायला जमली होती. कुणी हसलं नाही, पण आयर्वेनला मात्र प्रत्येक चेहरा हसताना दिसला. त्या दिवसापासून लठ्ठपणा म्हणजे मरण आणि वर बेअब्रू, हे तिच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं गेलं.

आणि देवाने तिला मुलगी दिली ती नेरिस. जन्मापासून गुटगुटीत, शाळेत जाडी, मोठेपणी चांगली धिप्पाड. गावातल्या शाळेत ती अगदी लहान मुलांच्या वर्गावर मदतनीस होती. गोष्टीच्या वेळी तिच्या मांडीवर बसायला पोरांची मारामारी व्हायची; एका वेळी तीन पोरं मावत आणि चौथं पाठीवर लटके. तोंडाने फटकळ आणि हसरी. लग्न केलं नव्हतं. "मला नवरी म्हणून उंबरठ्यावरून उचलून आत नेणारा पैलवान या खोऱ्यात पैदा व्हायचाय," म्हणायची, आणि ऐकणारे हसले की स्वतः त्यांच्याहून मोठ्याने हसायची. विनोद आपणच आधी केला की लोकांना करायला उरत नाही, ही युक्ती जाड मुलींना फार लवकर कळते.

अकरा वर्षांची असताना आईने तिला पहिल्यांदा मंगळवारच्या रांगेत उभं केलं. तेव्हापासून नेरिस रांगेतच होती. घरात आईने कधी आवाज चढवला नाही. बटाटा वाढताना तो अर्धा कापायचा, लोण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवायचा, आणि नेरिसने दुसऱ्यांदा हात पुढे केला की एक भुवई किंचित उचलायची, इतकंच. माया होती, यात कुणालाही शंका नव्हती. नेरिसलाही नव्हती. म्हणूनच ती भुवई जन्मभर जिव्हारी लागत राहिली.

क्लबात एक रीत होती. दर मंगळवारी प्रत्येकीने एक फळ आणायचं, सगळी फळं परडीत घालायची, आणि जिचं वजन सगळ्यात जास्त उतरलं असेल तिने परडी घरी न्यायची. ग्वेंडाने ती सतरा वेळा नेली. नेरिसने इतक्या वर्षांत एकदाही नाही. मग एका शरद ऋतूत काय झालं, नेरिसचं वजन उतरू लागलं. ओळीने तीन मंगळवार. तिसऱ्या मंगळवारी काट्याने नऊ पौंड कमी दाखवले तेव्हा खोलीत एकच जल्लोष झाला. आयर्वेनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोळे पुसत पुसत तिने परडी लेकीच्या हातात दिली.

"काय केलंस तरी काय गं?" ग्वेंडाने विचारलं.

"काही नाही गं मावशी. भूकच लागत नाही. शाळेतून आले की झोपते."

"आणि दंडावर हे काळंनिळं कसलं? कुणी धरून हाणलं की काय?"

"बाकावर आपटले असेन. मी आपटले तर बाकाचीच चौकशी करायला हवी."

सगळ्या हसल्या. नेरिस परडी छातीशी धरून घरी गेली आणि त्यातली फळं तिने खाल्ली नाहीत, कारण खरोखरच भूक नव्हती. पंधरवड्याने दाढ काढायला गेली तर रक्त थांबेना. तिथून तपासण्या, तिथून मोठं इस्पितळ. रक्ताचा कर्करोग होता. ज्या उतरलेल्या वजनाला गावाने टाळ्या वाजवल्या होत्या, ते या रोगाने खाल्लं होतं.

हे आयर्वेनला डॉक्टरांनी सांगितलं नाही. तिचं तिलाच कळलं, बसमधून घरी येताना. शेजारी तिचा नवरा हाउएल बसला होता. त्याने उभा जन्म या खोऱ्यात बस चालवली होती आणि आता निवृत्त होऊन दुसऱ्याच्या चालवण्याला नावं ठेवत असे. त्या दिवशी चढावरसुद्धा तो खिडकीबाहेर बघत होता.

औषधांनी रोग मागे हटला, पण परत येईल असं डॉक्टर म्हणाले. परत येऊ नये म्हणून दुसऱ्या माणसाच्या मूळपेशी चढवायच्या ठरल्या. देणारा सापडला तो जर्मनीत, कोण कुठला ते सांगत नाहीत. कार्डिफच्या इस्पितळात नेरिसला एका बंद खोलीत ठेवलं, जबर औषधं देऊन तिच्या हाडांतली जुनी मज्जा जाळली, आणि मग एके दुपारी फिकट लाल रंगाची एक छोटीशी पिशवी सलाइनसारखी टांगली.

"एवढंच?" नेरिस म्हणाली. "शाळेत पोरं याच्यापेक्षा जास्त टोमॅटो सूप सांडतात."

त्या पिशवीनंतर तिच्या तोंडात फोड आले ते घशापर्यंत. थुंकी गिळायची तरी डोळ्यांतून पाणी यायचं. त्या दिवसांत आयर्वेनला लॉर्ना भेटली. लॉर्ना त्या वॉर्डाची आहारतज्ज्ञ, तिशीतली, बारीक चणीची, बोलायला स्पष्ट.

"नेरिसचं वजन उतरतंय," ती म्हणाली, "आणि ते मला आवडत नाहीये. घरी गेल्यावरही पुढचे कित्येक महिने ते राखायचं आहे, उतरलेलं परत आणायचं आहे. या उपचारानंतर जी माणसं झपाट्याने वाळतात, ती पुष्कळदा तगत नाहीत. एखादा जंतू आला, पोट बिघडलं, तर झुंजायला अंगात काही उरत नाही."

"पण तिच्याकडे साठा आहे ना?" आयर्वेन चाचरत म्हणाली. "म्हणजे... ती काही बारीक नव्हती."

"साठा असतो ती चरबी. आता उतरतंय त्यात स्नायू आहेत, ताकद आहे. जाड माणूससुद्धा उपाशी मरू शकतो, मिसेस प्रोसर. बाहेरून दिसत नाही एवढंच."

हे वाक्य ऐकून आयर्वेन खुर्चीवर बसली. सव्वीस वर्षं ती ज्या बाजूने काटा वाचत आली होती, ती बाजूच उलटी निघाली.

पण बाई हार मानणारी नव्हती. नेरिसला घरी सोडलं त्या आठवड्यात आयर्वेन दुकानातून लोणी, साय, सायीसकट दूध आणि अख्खी चॉकलेटं घेऊन आली. हाउएल ओट्यासमोर उभा राहून बघतच राहिला.

"लोणी?" तो म्हणाला. "आपल्या घरात? कुणी मेलंय का?"

"जीभ झडो तुझी. नेरिससाठी आहे. हात लावशील तर बघ."

ज्या माणसाला लग्नापासून पाण्यासारखं दूध आणि वाळूसारखा पाव मिळत होता, त्याच्या डोळ्यांसमोर आता लेकीच्या ताटात दुधात तासन् तास शिजवलेला भात येऊ लागला, वर जायफळ आणि भट्टीत धरलेली तपकिरी साय. तव्यावरचे मनुकांचे केक, लोण्यात परतलेली लीकची भाजी, कुस्करलेल्या बटाट्यात चीज. सगळं नीट शिजवलेलं, ताजं, गरम, कारण शिळंपाकं आणि कच्चं नेरिसला चालणार नव्हतं. आयर्वेनने हे सगळं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटातून काढून घेतलं होतं. वाढण्याची सवय नव्हती. कुस्करलेल्या बटाट्यात लोणी घालताना तिचा हात आपसूक आखडायचा आणि ती स्वतःलाच ओरडायची, "घाल गं, मेले, घाल!"

नेरिस दोन घास खायची. चार दिवस बरे गेले की सहा घास खायची. जिभेला सगळं पत्र्यासारखं लागायचं. पण हळूहळू तोंडातले फोड भरून आले, रक्ताचे आकडे सुधारले, डोक्यावर बाळासारखं मऊ जावळ उगवलं. वजन मात्र जिथे पडलं होतं तिथेच होतं, किंबहुना थोडं खालीच. लॉर्नाने दुधासारखी घट्ट पेयं लिहून दिली होती, व्हॅनिला नि स्ट्रॉबेरीची, छोट्या छोट्या बाटल्यांत. जेवण झालं नाही तरी रोज एवढ्या बाटल्या पोटात गेल्याच पाहिजेत, अशी सक्त ताकीद होती. बाटल्यांचे खोके जिन्याखाली रचले गेले.

वसंतात डॉक्टरांनी तिला थोडं माणसांत जायला परवानगी दिली. नेरिस म्हणाली, मला मंगळवारी यायचंय. आयर्वेनने दिवसभर त्या खोलीच्या खिडक्या उघड्या टाकल्या, खुर्च्या पुसल्या, सर्दीवाल्या दोघींना घरी बसवलं. नेरिस तोंडाला मास्क लावून आली. बायकांनी लांबूनच एकच गलका केला. कुणी रडल्या, कुणी चेष्टा केली. नेरिसने सगळ्यांची चेष्टा परत केली आणि मग, जन्माची सवय, बूट काढून ती काट्यावर चढली.

काट्याने तिच्यासाठी आजवर कधी न दाखवलेला आकडा दाखवला. तीन स्टोनांहून, म्हणजे बेचाळीस पौंडांहून जास्त वजन गेलं होतं. एखादं सहा वर्षांचं पोर तिच्या अंगातून उठून निघून गेलं असावं, इतकं. मग ग्वेंडाने टाळी वाजवली. वाईट हेतूने नव्हे, बिचारीला त्या खोलीत आकडा उतरला की दुसरं काही करायचं माहीतच नव्हतं. मग सगळ्यांनी वाजवल्या. आणि आयर्वेनने वाजवल्या. तिचे हात टाळी वाजवून मोकळे झाले, डोकं मागून आलं. तोवर नेरिसने आईकडे वळून पाहिलं होतं. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते, आणि ते असे चमकत होते की आयर्वेनला हात खाली घेववले नाहीत.

"पोरी, काय देखणी दिसतेस गं!" ग्वेंडा म्हणाली. "गालाची हाडं होती तर तुला! कुठे लपवली होतीस?"

"आईने शोधून काढली," नेरिस म्हणाली.

पुढच्या आठवड्यात नेरिसने एक हिरवा झगा विकत आणला. कार्डिफला तपासणीला गेली होती, तिथल्या दुकानात काचेत पुतळ्याच्या अंगावर होता तो. आजवर तिचे कपडे दुकानाच्या पार मागच्या कोपऱ्यातल्या रॅकवरून यायचे, तंबूच्या कापडासारखे. काचेतला झगा मागून घ्यायचा, हे तिने पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा केलं. स्वयंपाकघरात येऊन तिने गिरकी घेतली.

"आई, खरं सांग. छान दिसते ना?"

इथे आयर्वेनने काय बोलायला हवं होतं, ते आपल्याला घरबसल्या सांगता येतं. तिला मात्र तिची लेक दिसली, जन्मात पहिल्यांदा आरशाला न घाबरणारी. "छान दिसतेस," ती म्हणाली. "फार छान दिसतेस गं." खरं होतं म्हणून म्हणाली. आणि मग सूप ढवळायला वळली.

त्यानंतर काटा हळूहळू घसरत गेला. कार्डिफला लॉर्ना काळजी करायची, आणखी बाटल्या लिहून द्यायची. नेरिस म्हणायची, पिते की, रोज पिते. जिन्याखालचे खोके रिकामे होत होते, त्यामुळे आयर्वेनचाही विश्वास बसत होता. मग एवढं सगळं जातंय कुठे, हे कुणालाच कळेना.

कळलं ते हाउएलमुळे. क्लब संपल्यावर तो खुर्च्या आवरायला यायचा. एका मंगळवारी ग्वेंडाने त्याच्या पोटावर बोट टोचलं. "वेन, तुझ्या नवऱ्याला कितवा महिना?" हाउएलची चेष्टा करायला बायका टपलेल्याच. त्यांनी त्याला हाताला धरून काट्यावर चढवलं. आयर्वेनने आकडा वाचला आणि तिचं हसू ओसरलं. बाराहून जास्त पौंड वाढले होते. या माणसाचं वजन लग्नापासून हललं नव्हतं.

त्याला घेऊन ती तडक घरी आली. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "हाउएल, बाटल्या कोण पितं?"

हाउएलने टोपी काढली, पुन्हा घातली. "ती म्हणाली, बाबा, माझं पोट भरलंय. अर्धीच उरलीय. फेकून द्यायची का?" तो म्हणाला. "मी म्हटलं, फेकायची कशाला? माझ्या आईने आम्हाला ताटात शीत टाकू दिलं नाही कधी. आधी अर्धी होती. मग... मग पुरी द्यायला लागली. चांगली लागते गं, स्ट्रॉबेरीची. मला वाटलं, मी पोरीला मदत करतोय."

तो साठी उलटलेला माणूस भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडू लागला. आयर्वेनला त्याला एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. यातलं काहीच न करता ती जिना चढून नेरिसच्या खोलीत गेली.

नेरिस पलंगावर बसून पोरांनी पाठवलेली चित्रं बघत होती. आईचा चेहरा बघून तिला समजलं.

"बाबा फुटला वाटतं," ती म्हणाली.

"काय खेळ लावलायस हा? मरायचंय तुला?"

"नाही."

"मग खात का नाहीस? आता तर तोंड बरं झालंय. आता तर जातं ना खाली!"

"जातं," नेरिस म्हणाली. "म्हणूनच. आता जातं, म्हणजे आता सगळं परत येणार. आधी मांड्या येतील, मग हे इथलं येईल, मग मी पुन्हा त्या मागच्या रॅकवर. आई, मी चोवीस वर्षं तुझ्या काट्यावर चढलेय. दर वेळी तुझा हात माझ्या पाठीवरून फिरायचा. पुढचा मंगळवार आपलाच! एकदा तरी तो मंगळवार आला का माझा? आता आला. आता तू म्हणतेस परत कर."

"लॉर्नाने सांगितलंय, बारीक होणारी माणसं जगत नाहीत."

"लॉर्ना टाळ्या वाजवत नव्हती. तू वाजवत होतीस."

आयर्वेनने तोंड उघडलं. तिच्याजवळ उत्तर होतं. ती मूर्ख होती, तिचे हात मूर्ख होते, आईच्या पेटीसाठी काढलेली ती खिडकी तिच्या डोळ्यांपुढून कधी हललीच नाही, असं सगळं सांगता आलं असतं. ट्रेलासमध्ये माणसं हवेबद्दल तासभर बोलतील, मनातलं बोलायची वेळ आली की चहाची किटली चढवायला उठतील. आयर्वेन पलंगाच्या कडेला बसली आणि लेकीचा हात धरून नुसती म्हणाली, "खा गं. माझ्यासाठी खा. हात जोडते."

नेरिसने पुन्हा चित्रांकडे पाहिलं. त्यात एक चित्र होतं, वर्गातल्या पोरीने काढलेलं. गोल गोल नेरिस आणि मांडीवर तीन पोरं. मागच्या आठवड्यात ती शाळेच्या फाटकाशी गेली होती तेव्हा तीच पोरगी हट्टाने तिच्या मांडीवर बसली होती आणि लगेच उतरली होती. "टोचतं," म्हणाली होती.

"बरं," नेरिस म्हणाली. "खाते. जा, तुझा तो भात आण. सायीचा तुकडा मला. बाबाला नाही."

त्या संध्याकाळी तिने वाटीभर भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोनदा खाल्ला. बाटल्या आईच्या समोर बसून प्यायली आणि दर घोटाला हाउएलकडे बघून मिटक्या मारल्या. आठवडाभर घरात सण असल्यासारखं होतं. काटा अर्ध्या पौंडाने वर सरकला आणि आयर्वेन चॅपेलात जाऊन एकटीच बाकावर बसून आली.

मग पोट बिघडलं. आधी वाटलं, लोणी जास्त झालं. पण ते लोणी नव्हतं. त्या जर्मन माणसाच्या पेशींनी नेरिसच्या आतड्यांना परकं मानून त्यांच्यावर हल्ला चढवला होता. असं होऊ शकतं, हे आधीच सांगितलेलं होतं. खायचं ठरवलं तेव्हा पोटाने नकार दिला. पाण्यासारखे जुलाब, दिवसातून किती वेळा ते विचारू नये. अंगावर उरलेलं सुरलेलं होतं ते बघता बघता वाहून गेलं. पुन्हा कार्डिफ, पुन्हा तीच खोली. नाकातून नळी घातली, ती पोटाने सोसली नाही. मग गळ्याजवळच्या शिरेतून पिशवीतलं पांढरं अन्न द्यायला लागले. हिरवा झगा कपाटात टांगलेला होता, आणि त्यातही ती आता दोनदा मावली असती.

आयर्वेनने एकदा डॉक्टरांना वाटेत गाठलं. "मला खरं सांगा. तिने आधी खाल्लं असतं, तर?"

डॉक्टर सज्जन होता. त्याने वर बघितलं नाही. "तरीही हे झालं असतं, कदाचित," तो म्हणाला, आणि मग पुढेही बोलला, "झुंजायला थोडी जास्त ताकद असती. त्याने निकाल बदलला असता का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही," हे घेऊन माणसाने जगायचं कसं, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

पलंगासकट वजन करायचा काटा असतो तिथे. रोज सकाळी नर्स कळ दाबायची आणि भिंतीवरच्या पाटीवर किलोंतला आकडा लिहायची. आयर्वेन त्याचे मनातल्या मनात स्टोन करायची. रोज थोडं थोडं खाली. मग एका सकाळी आकडा वर गेला. दुसऱ्या सकाळी आणखी वर. तिसऱ्या दिवशी दहा पौंडांच्या वर वाढ होती. आयर्वेनने तो आकडा तीनतीनदा वाचला. नेरिसचे गाल भरल्यासारखे दिसत होते, हात गुबगुबीत, पाऊल बाळाच्या पावलासारखं. ती धावत बाहेर गेली आणि तिने घरी फोन लावला.

"वाढलं, हाउएल! वजन वाढलं! पिशवीतलं अंगी लागलं तिच्या!"

पलीकडे हाउएल हसत होता की रडत होता कळेना. ती फोन ठेवून वळली तर मागे लॉर्ना उभी होती. लॉर्नाने सगळं ऐकलं होतं. तिने आयर्वेनला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्यापुढे उकिडवी बसली.

"मिसेस प्रोसर, ते पाणी आहे," ती म्हणाली. "रक्तात प्रथिनं उरली नाहीत की पाणी शिरांत थांबत नाही, अंगात साचतं. ते वजन... ते नेरिस नाहीये. आत ती अजून उतरतेच आहे. मला फार वाईट वाटतं."

नेरिस त्यानंतर तीन दिवसांनी गेली. पण त्या सकाळी ती जागी होती, आणि आयर्वेन खोलीत परतली तेव्हा ती पाटीकडे बघत होती.

"किती वाढलं?" तिने विचारलं. आवाज अगदी खोल गेला होता.

आयर्वेनने आकडा सांगितला. पाण्याचं सांगितलं नाही.

"मी बघत होते तुला," नेरिस म्हणाली. "माझं वजन वाढलं आणि तुझा चेहरा असा उजळला. जन्मात पहिल्यांदा बघितलं."

आयर्वेन तिच्या उशाशी बसली. तो सुजलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला. बोट जिथे टेकलं तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. आता किटली चढवायला उठण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"मला तू जाडच आवडायचीस," ती म्हणाली. "रांगेत उभी असायचीस ना, तेव्हा त्या सगळ्या बायकांत मला तूच सुंदर दिसायचीस. मला नुसती भीती वाटायची गं. आजीसारखी जाशील म्हणून. बाकी काही नव्हतं. तू होतीस तश्शीच मला हवी होतीस."

नेरिस तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत राग नव्हता, रडूही नव्हतं; होतं ते नुसतं आश्चर्य.

"मग सांगायचंस ना, आई," ती म्हणाली.